गाण्यातून पुसलेला आवाज

बेसमेंटच्या भिंतींवरच्या गोधड्या आज खाली उतरवल्या. बर्फ वितळायला लागलं की आमच्या नोव्हाय गावातल्या घराच्या पोटात पाणी शिरतं. ते उपसणारा पंप या वेळी रुसला आणि कोपऱ्यातली गोधडी खालून हातभर ओली झाली. एक काढली म्हणून दुसरी काढली, मग सगळ्याच. आता त्या डेकच्या कठड्यावर वाळताहेत. शेजारच्या बाईंनी त्यांच्या अंगणातूनच "ब्यूटिफुल क्विल्ट्स!" म्हणून हात हलवला. मीही हलवला. क्विल्ट कसली, आईची जुनी लुगडी आहेत ती, पण एवढं सगळं इंग्रजीत कोण सांगत बसणार!

खरं तर गोधड्यांचं निमित्त. सकाळी ईशानचा, माझ्या मुलाचा, सिअ‍ॅटलहून निरोप आला: "आई, फाइल सापडली. लिसन व्हेन यू आर रेडी." निरोपाखाली ती फाइल. मी फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा ठेवला आणि खाली जाऊन खिळे उपटायला लागले. त्या फाइलमध्ये ह्यांचा आवाज आहे. असायला हवा. हे गेल्यापासून मी तो मागते आहे, आणि आता तो हातात आल्यावर मला गोधड्या उतरवायचं सुचतं. धीर होत नाही, दुसरं काय.

आवाज म्हणजे फार काही नाही. दोन शब्द. "आलो गं."

ह्यांची नोकरी मोटारींच्या कंपनीत. काम असं की लोकांना सांगितलं तर हसू यायचं. नव्या गाडीत कुठे काय खडखडतं, गुणगुणतं, कुरकुरतं ते शोधायचं आणि बंद करायचं. आयुष्यभर ह्या माणसाने आवाज गप्प केले. घरात येऊनही तेच. भाजी आणायला निघालो की रस्त्यात मान तिरकी करून म्हणायचे, "ऐकतेस?" मला काहीही ऐकू यायचं नाही. मग गाडी कडेला घेऊन डॅशबोर्डला कान लावायचे, शेवटी माझ्या पर्समधली किल्ली बाहेर काढून विजयी मुद्रेने दाखवायचे. माझ्या बांगड्यांचीसुद्धा एकदा चौकशी झाली होती. मी म्हटलं, त्या वाजण्यासाठीच असतात.

पण स्वतः मात्र घरात शिरताना गाव जागं करायचे. आधी गॅरेजचं मोठं दार घरघरत वर जायचं, जमीन थोडी थरथरायची, मग आतलं दार, आणि चपला-बुटांच्या त्या बोळातूनच आरोळी: "आलो गं!" मी स्वयंपाकघरातून "ओ" द्यायची. बास, एवढंच. त्या "ओ"नंतर ते बूट काढायला बसत. एखाद्या दिवशी फोनवर असल्यामुळे माझी ओ राहिली तर बूट पायातच ठेवून उभे राहायचे. इतक्या वर्षांत ह्या दोन शब्दांकडे मी कधी लक्ष दिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे तरी कोण लक्ष देतं, ते बंद पडेपर्यंत.

ईशान तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. गिटार वाजवायचा, गायचा. त्याचे दोन मित्र, ड्रम वाजवणारा काइल आणि बेस गिटारवाला डिएगो, शाळा सुटली की थेट आमच्याकडे. माझी अट एकच, बूट दाराशी काढायचे. ईशान लहान असताना त्याने क्रेयॉनने लिहिलेली पाटी तिथे अजून होती: "शूज ऑफ प्लीज". तेच त्यांनी बँडचं नाव ठेवलं. मला आधी वाटलं माझी चेष्टा चाललीय. मग कळलं की ती मुलं भलतीच गंभीर आहेत.

काइल म्हणजे आडमाप देह. मोज्यांवर त्याचा पाय ड्रमच्या पेडलवरून घसरायचा. एक-दोनदा तो म्हणाला, "काकू, कॅन आय जस्ट वेअर माय शूज डाउनस्टेअर्स?" मी म्हटलं, नो. मग ह्यांच्या जुन्या रबरी सपाता दिल्या, पुण्याहून आणलेल्या, निळ्या पट्ट्यांच्या. त्याच्या टाचा मागून बाहेर लोंबायच्या. तशातच त्या पोराने वर्षभर रॉक वाजवलं. "काकू" हे माझं नावच आहे अशी त्याची समजूत होती, आणि ती दूर करावी असं मला कधी वाटलं नाही.

त्या वर्षीच्या संध्याकाळी आठवतात त्या पायाखालून. मी वर कणीक मळत असायची आणि तळव्यांना ड्रमचे ठोके लागायचे. फडताळातल्या वाट्या एकमेकींना हळूच भिडायच्या. मी फोडणी टाकली की तिचा वास गरम हवेच्या नळांतून खाली जायचा, लगेच गाणं बंद पडायचं आणि जिन्यात पावलं वाजायची. थालीपिठं केली की काइल ती केचपशी खायचा. डिएगोला लसणाची चटणी आवडायची. डोळ्यांत पाणी आलं तरी तो "मोअर" म्हणायचा. खाली गेलं की तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या धुळीचा वास, ओल्या सिमेंटचा, कपडे धुण्याच्या साबणाचा आणि पोरांच्या मोज्यांचा. सगळा मिळून एक वास होता. तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

त्यांना पहिलं गाणं काढायचं होतं. स्टुडिओ वगैरे परवडणारा नव्हता, तेव्हा बेसमेंट. पण बेसमेंटमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत येतो म्हणून ईशान वैतागला होता. हे जेवता जेवता म्हणाले, "मऊ काहीतरी लाव भिंतींना. जाड, सुती." आणि दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

आईने साताऱ्याला शिवून घेतलेल्या त्या गोधड्या. दर खेपेला एकेक करून बॅगेतून आणलेल्या, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. मी नाही म्हणणार होते. मग म्हटलं, नाहीतरी कपाटात पडूनच आहेत. हे आणि पोरं लाकडी पट्ट्यांवर त्या ठोकत होती तेव्हा मी खाली जाऊन उभी राहिले. आईचं मोरपंखी लुगडं ड्रमच्या मागे. अंजिरी, ती हळदी-कुंकवाला नेसायची ते, ईशानच्या माइकसमोर. हे मधोमध उभे राहिले आणि एकदा टाळी वाजवली. टाळीचा आवाज जिथल्या तिथे मिटला. "वा," ते म्हणाले, "सासूबाईंनी काम केलं."

गाणं होतं एका मुलाबद्दल. तो गाडी घरासमोर लावतो आणि आत न जाता तसाच बसून राहतो. मी विचारलं, "आत यायला काय झालं होतं ह्याला?" ईशान म्हणाला, "आई, इट्स अ फीलिंग." असेल. मधल्या एका जागी सगळी वाद्यं एकदम थांबतात, काहीच वाजत नाही, आणि मग ड्रम कोसळतात. ती थांबायची जागा ईशानला फार प्रिय होती. ती जितकी ताणता येईल तितकी ताणायचा.

रेकॉर्डिंग कधी करायचं हेही ह्यांनीच सांगितलं. "ताजं बर्फ पडलं की करा. ते बाहेरचा आवाज पिऊन टाकतं." आणि तसाच एक दिवस आला. रात्रभर पडून सकाळी सगळं पांढरं, शाळेला सुट्टी. हे मात्र सकाळीच गाडीवरचं बर्फ झाडून कामावर गेले. काइल आणि डिएगो चालत आले, भुवयांवर बर्फ घेऊन.

मग माझ्यावर हुकूम सुटले. कुकर नाही, मिक्सर नाही, नळ नाही, फोन बंद. फ्रिजची वायर काढली. घर गरम करणारी भट्टीसुद्धा बंद, कारण तिचा पंखा घुमतो. थोड्या वेळाने घर गार पडायला लागलं. पोरं खाली माझ्या शाली गुंडाळून वाजवत होती, आणि मी वर बेसमेंटच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर, स्वेटर आणि कानटोपी घालून मटार सोलत बसले. शेंगसुद्धा मोडायची नाही, हळूच उकलायची. बाहेर कुठे गाडी नाही, पक्षी नाही. पुन्हा पुन्हा तेच गाणं, आणि दर वेळी काहीतरी बिनसायचं. दुपार कलली तेव्हा एकदा मात्र सगळं जुळून आलं. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढं कळलं. ईशानचा आवाज वेगळाच लागला होता. मी मटार बाजूला ठेवले.

ती थांबायची जागा आली. सगळं थांबलं. आणि दार उघडलं.

बर्फामुळे कंपनीने लोकांना लवकर सोडलं होतं. ड्राइव्हवे बर्फाने भरला म्हणून ह्यांनी गाडी रस्त्यावरच लावली होती आणि गॅरेजच्या छोट्या दाराने आत आले होते, त्यामुळे घरघर झालीच नाही, सावध होता आलं नाही. "आलो गं!" मी तोंडावर हात दाबून बसले. मग ड्रम कोसळले, आणि पोरांनी गाणं शेवटपर्यंत नेलं.

 संपल्यावर खालून काइलचा आवाज आला, "ड्यूड. युअर डॅड." ईशान जिना चढून वर आला. चेहरा उतरलेला. हे बूट न काढता तसेच उभे, खांद्यावर बर्फ. "काय झालं?" त्यांना सांगितल्यावर त्यांचं तोंड बघवेना. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे आवाज पकडले, तो स्वतः सापडला होता.

पुन्हा वाजवून बघितलं पोरांनी. त्या दिवशी आणि नंतरही कितीतरी. तसं काही जमलं नाही. शेवटी हे म्हणाले, "मला द्या. माझा रोजचा धंदा आहे हा."

मग कितीतरी संध्याकाळी बाप-लेक खाली, एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसून, कानाला हेडफोन. मी चहा घेऊन जायची तर हे मला समजावून सांगायचे. नुसता आवाज कापून चालत नाही म्हणे. कापलेल्या जागी अगदी काहीच उरत नाही, आणि माणसाच्या कानाला ते खटकतं. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. म्हणून एका रविवारी त्यांनी सगळ्यांना वर पाठवलं आणि रिकाम्या बेसमेंटची शांतता रेकॉर्ड केली. मी हसले. "कशाला हसतेस? प्रत्येक खोलीची वेगळी असते." ती शांतता त्यांनी त्या जागी अशी बसवली की ईशानलाही सांधा सापडेना. "बाबा, यू आर गॉन," तो आनंदाने ओरडला. हेही खूश होऊन वर आले आणि मला म्हणाले, "पत्ता नाही माझा. शोधून दाखव."

गाणं पाडव्याला बाहेर काढायचं, हा माझा हट्ट. साडेतीन मुहूर्तांतला एक, सोडता कशाला? पोरांनी लगेच मान्य केलं, त्यांना "न्यू इयर" एवढं पुरलं. डेकच्या कडेला अजून मळकं बर्फ होतं. दरवर्षी ह्यांची गुढी पडद्याच्या दांडीवर उभी राहायची आणि वाऱ्याने तांब्या वाजायचा. त्या वर्षी डिएगोने माइकचा उंच स्टँड वर आणून दिला, आणि त्यावर माझी जरीची साडी, साखरेची गाठी, तांब्या. एवढी ताठ गुढी आमच्याकडे कधी झाली नव्हती. शाळा सुटल्यावर पोरं आली. मी लॅपटॉपला हळद-कुंकू वाहिलं, ईशान "आई, नॉट द कीज!" म्हणून ओरडला, आणि काइलने स्वतःहून कपाळ पुढे केलं. गाणं तेव्हा इंटरनेटवर जगाला उघडं झालेलंच होतं. तरी आम्ही ते जगाबरोबर पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे टेबलाभोवती उभे राहिलो.

गाण्याच्या चित्रात आमच्या दारातला बुटांचा ढीग होता. कोपऱ्यात ह्यांचे काळे ऑफिसचे बूट, तेवढेच नीट जोडलेले. खाली बारीक अक्षरात आभार: काकू आणि तिच्या नवऱ्याचे. ह्यांनी ते दोनदा वाचलं. "तिचा नवरा! बस, एवढंच?" म्हणत श्रीखंडाची वाटी घेऊन घरभर फिरत राहिले. ती थांबायची जागा आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि ती सुखरूप पार पडल्यावर माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंचा फोन आला, "छान आहे हो, पण शब्द काही कळत नाहीत." मी म्हटलं, मलाही नाही कळत.

पुढे त्या गाण्याचं काय व्हायचं ते झालं. थोड्या लोकांनी ऐकलं, पोरांच्या ओळखीच्यांनी जास्त. दुसरं गाणं आलंच नाही. कॉलेजं लागली. ड्रम गेले, अ‍ॅम्प्लिफायर गेले, सपाता तेवढ्या राहिल्या. डिएगो टेक्ससला. काइल ग्रँड रॅपिड्सच्या एका शाळेत मुलांना वाजवायला शिकवतो. आणि एका पानगळीत हे गेले. ते कसं, काय, हे लिहायला मी बसलेले नाही.

त्यानंतर घर शांत झालं असं लोक म्हणतात. शांत कसलं, घर सारखं बोलत असतं. फ्रिज सुरू होतो, भट्टी खालून धाप टाकते, छपरावरचं बर्फ घसरतं. फक्त संध्याकाळी एक ठराविक वेळ येते आणि जाते. शेजाऱ्यांचं गॅरेज उघडतं तेव्हा मी अजूनही गॅस बारीक करते. मंडळातल्या मैत्रिणी येतात, जेवण ठेवून जातात, "फोन कर हं" म्हणतात. मी करते. पण "ओ" देण्यासारखं फोनवर काही नसतं. फार एकटं वाटतं, हे सरळच लिहिते. ईशान "आई, कम लिव्ह विथ मी" म्हणतो, तेव्हा मी बागेची सबब सांगते. बाग म्हणजे पुदिन्याची एक कुंडी.

हिवाळ्यात मी ते गाणं लावायला लागले. सगळं नाही, ती जागा. तिथे काहीच नाही, हेच ऐकायला. कान देऊन ऐकलं, आवाज मोठा करून ऐकलं. ह्यांनी काम इतकं चोख केलं होतं की कुठे नखाएवढीही फट नाही. आयुष्यात कधी नाही तो मला त्यांच्या हुशारीचा राग आला.

तेव्हा ईशानला फोन केला.

"आई, बाबांचे इतके व्हिडिओ आहेत माझ्याकडे. मी पाठवतो ना."

"व्हिडिओ नकोत. त्यात ते कॅमेऱ्याशी बोलतात. मला तो हवाय, दारातला."

"कोणता दारातला?"

"तुमच्या गाण्यातून काढलेला."

 तो म्हणाला, "मी ओरिजिनल ठेवलंय का, आय रिअली डोन्ट नो."

"बघ तरी."

"काइलकडे असेल कदाचित. ही नेव्हर थ्रोज एनिथिंग अवे." आणि मग, लहानपणीच्या आवाजात, "आई, मला वाटलं होतं की तुला ते आठवतही नसेल."

काइलने त्याच्या आईच्या घरच्या माळ्यावर शोधलं. एकदा नाही सापडलं, पुन्हा शोधलं. जुनी हार्ड ड्राइव्ह मिळाली तर ती उघडेना. ईशानने ती मागवून घेतली, कुणाकडे तरी दिली. मी दर रविवारी विचारायची आणि तो दर रविवारी "ट्राइंग, आई" म्हणायचा. नंतर मी विचारणं सोडलं, त्याला त्रास नको म्हणून. आणि आज सकाळी हे.

ऊन डेकवरून सरकलं. मोरपंखी अजून ओलीच आहे. हात धुतले, चहा टाकला, टेबलाशी बसले आणि फोन सुलटा केला.

गाणं सुरू झालं. कच्चं, खरखरीत. ईशानचा तो कोवळा आवाज, मध्येच काइलच्या सपातांची चपचप, ती कोणी साफ केलेली नव्हती. ती जागा जवळ आली तसा मी टेबलाचा काठ धरला. सगळं थांबलं. दार. बर्फ झाडल्याची थपथप. आणि लांबून, गोधड्यांमधून गाळून, जिन्याच्या वरून:

"आलो गं!"

अगदी तसाच. "लो" ताणलेला. बाहेरच्या थंडीने जरा बसलेला. मी ड्रमची वाट पाहायला लागले, कारण ह्यानंतर ड्रम कोसळतात हे मला पाठ आहे. पण ड्रम आले नाहीत. ईशानने ती जागा त्या दिवशी फारच ताणली होती. त्यात बुटांचा आवाज नव्हता. बूट काढलेच नव्हते ह्यांनी, तसेच उभे होते. आणि मग पुन्हा ह्यांचा आवाज, आता जवळून आणि हळू. हा मला आठवत नव्हता. त्या दिवशी कोणी त्याबद्दल बोललं नव्हतं, ह्यांनीही नाही. गुपचूप तोही पुसून टाकला होता त्यांनी.

"अगं, आहेस ना?"

त्यावरच ड्रम कोसळले. मी गाणं थांबवलं.

घरात कोणाचंही रेकॉर्डिंग चाललेलं नव्हतं.

"आहे हो," मी म्हटलं. "घरातच आहे."